तडजोडीची अट

नव्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा फेल व्हायला लागले, तेव्हा रोडपालीच्या कमळाकर आणि चंद्रावतीने ग्राहक आयोगात तक्रार केली. सुनावणीआधीच कंपनीने तडजोड करून गाडी परत घेतली आणि सगळे पैसे दिले. अट एवढीच, की याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. बोललं तर पैसे परत द्यायचे. दोघांनी सह्या केल्या आणि सुटलो म्हणाले.

दिवाळीत शेजारची अंकिता लेकीला कडेवर घेऊन पेढे द्यायला आली.

"काकू, तुमच्याकडे होती तीच गाडी घेतली आम्ही. चांगली आहे ना?"

कमळाकरने मान खाली घातली. चंद्रावतीने पेढा उचलला.

"बरी हाय गो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी अंकिताची गाडी खाली येऊन थांबेपर्यंत दोघंही गॅलरीतून हलत नाहीत.