दर जुम्म्याची परवानगी

"तुमी खरं मानणारच नाई, अन् नका मानू, मले काय फरक पडते!" असं म्हणत बदरुद्दीन कल्हईवाल्यानं मंगरूळपीरच्या दर्ग्यासमोरच्या बाकड्यावर पाय वर घेतले.

उन्हाळ्यात इथंच मंडप टाकून एका कंपनीची माणसं लोकांची थुंकी नळीत भरून घेऊन गेली होती. घराण्यात पिढीजात आजार कोणते, ते म्हणे त्यातून कळतं. बदल्यात बिस्किटाचा पुडा. बदरुद्दीननंही नळी भरली. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन, कारण एकीत त्याचं खानदान मावत नव्हतं.

"तवापासून दर जुम्म्याले कंपनीच्या पोरीचा फोन येते. म्हणते, 'बदरुद्दीनसाहेब, तुमचा डीएनए म्हंजे तुमची दौलत. आज जराशीक उघडून पाह्यली तं चालन काय?'"

"मंग तुमी काय म्हणता?" चहावाल्या इंद्रभाननं कपबशी पुढं सरकवली.

"म्या लगेच हो म्हणतो काय बे! म्हणतो, थांब, इचार करून सांगतो. तिकडं मोठमोठे डॉक्टर हातमोजे घालून उभे. माहा हो आला का मंग झाकण उघडते. एका जुम्म्याले म्या फोनच नाई उचलला, तं पुरा कारखाना बंद! चौकीदारबी घरी जाऊन झोपला."

मानोऱ्याच्या बसची वाट पाहत बसलेला बाबूसिंग हसून हसून वाकला. "चाचा, तुमच्या थुक्यात असं हाय तरी काय?"

"आमच्या पणजोबाले इंचू चावला होता. इंचू मेला. ते हाय."

"आजबी जुम्माच हाय," इंद्रभान म्हणाला. "आज काय इचारलं?"

बदरुद्दीनची बशी ओठापाशीच थांबली.

आज सकाळी मिठाईवाल्यानं त्याला मुबारकबाद दिली होती. कशाची, ते मिठाईवाल्यालाच सांगावं लागलं: उजमाचा रिश्ता पक्का झाला. उजमा त्याची नात. घरी जाऊन त्यानं वसीमला, म्हणजे तिच्या बापाला, छेडलं, तर पोरगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "अब्बा, त्यात तुमाले काय इचारायचं?" तसं त्या घरात त्याला विचारण्यासारखं एकच उरलं होतं, जेवला काय. तेही हल्ली ताट झाकून ठेवलं की भागत होतं.

"आज?" त्यानं चहा एका घोटात संपवला. "आज तं पोरगी रडकुंडीले आली. म्हणे, 'साहेब, तुमाले इचारल्याबिगर आमी पान हालू देत नाई.'"

"झूट हाय," मागून बाईचा आवाज आला.

बाकड्यामागं कुलसुमबी दर्ग्यावर चढवायच्या फुलांची चादर गुंफत बसली होती. या गप्पांत ती कधी तोंड घालत नसे. आताही तिची नजर सुईवरच होती.

"थुका म्याबी देला होता, बदरूभाई. माह्या रगतात कोणती बिमारी हाय, ते जिथं नातीचं ठरलं होतं, त्या घरी कंपनीकडून पह्यलं समजलं. मले मागून, त्याइनं सोयरीक मोडली तवा." तिनं दात लावून दोरा तोडला. "कोणी इचारत नाई, भाईजान. कोणाले म्हंजे कोणालेच नाई."