नांदूरघाटची बाटली

सुकन्याने दोन्ही ग्लास पुन्हा चाखले. डावीकडे घरची वाइन. उजवीकडे नांदूरघाटच्या कुठल्याशा छोट्या वायनरीची; ती बाटली तिला नगरच्या एका हॉटेलात मिळाली होती. दोन्हींत आधी जांभूळ लागत होतं, मग चिंचेचा आंबटपणा, आणि घोट गेल्यावर भाजक्या बडीशेपेची चव जिभेवर रेंगाळत होती.

ही चव तिच्या वडिलांची होती. राधाकिशनबापूंनी चाळीस वर्षांपूर्वी कडा गावाजवळच्या माळावर द्राक्षं लावली, तेव्हा सगळा मुलूख उसामागे लागला होता. लोकांनी त्यांना खुळ्यात काढलं. दहा वर्षांनी त्याच माळावरची लाल वाइन मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जाऊ लागली, आणि खुळ्यात काढणारेच पाहुण्यांना बाग दाखवायला आणू लागले.

मार्चमध्ये बापू गेले. सुकन्या पुण्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून जूनमध्ये घरी आली. बारा वर्षांत ती दिवाळीपुरतीच येत होती. बाग, यंत्रं, पिंपं, कशाचीच तिला नीट माहिती नव्हती. माहिती होती ती फक्त तात्याबांना, बापूंच्या जुन्या साथीदाराला. वाइनचं तळघर पहिल्या दिवसापासून त्यांच्या ताब्यात होतं, आणि चावी त्यांच्या करदोट्याला.

पण तात्याबा काही सांगतच नव्हते.

"यंदाची वाइन कुठल्या पिंपात आहे?" तिने एकदा विचारलं.

"हाय की आत."

"मला बघायची आहे."

"आत्ता झाकण काढलं तर हवा लागंल, ताई. दिवाळीनंतर बघा."

तिने पिंपांचे आकडे मागितले, तर वही उंदरांनी खाल्ली म्हणाले. बागेतली द्राक्षं कशी आहेत विचारलं, तर म्हणाले, "बरी हायेत." एवढंच.

नांदूरघाटची बाटली हाती आल्यावर तिने दोन्ही वाइनचे नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे पाठवले. आठव्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. "सुकन्या, हे दोन नमुने वेगळे नाहीतच. एकाच टाकीतले वाटतात."

त्या दिवसापासून सुकन्या तात्याबांवर नजर ठेवू लागली.

दर दुसऱ्या मंगळवारी ते सकाळीच पिकअप काढत. विचारलं की म्हणत, भाचीला भेटून येतो. त्या मंगळवारी ती गच्चीवर उभी राहिली. तात्याबांनी तळघरातून निळे ड्रम एकेक करून बाहेर आणले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण कुणाला मदतीला घेतलं नाही. एकट्यानेच सहा ड्रम उचलून गाडीत ठेवले, वर ताडपत्री घातली आणि इकडेतिकडे बघून गाडी सुरू केली.

सुकन्या लांबून मागे निघाली. गाडी पाटोद्याकडे वळली आणि पुढे थेट नांदूरघाटचा रस्ता धरला. मग तिला आणखी काही बघायची गरज वाटली नाही. ती माघारी फिरली.

दिवस मावळताना तात्याबा परत आले. ती तळघराच्या दाराशी उभी होती. बाटल्या धुणाऱ्या दोघी बायकाही तिथेच होत्या.

"नांदूरघाटला काय आहे, तात्याबा?"

म्हातारा गाडीतून उतरता उतरता थांबला. "भाची हाय म्हणलो की."

"तिचीच वायनरी आहे ना ती?"

"व्हय."

"बापूंनी तुम्हाला भाऊ मानलं. चाळीस वर्षं तुमच्यावर तळघर सोपवलं. आणि त्यांची वाइन तुम्ही भाचीच्या नावाने विकता?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तात्याबांनी मागची ताडपत्री घट्ट ओढून घेतली.

"बोला काहीतरी. नाही म्हणा एकदा."

"काय बोलू, ताई. मला बोलता येत न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नका."

त्यांनी करदोट्याची चावी सोडली आणि तिच्या हातावर ठेवली. जाताना एवढंच म्हणाले, "एक ऐका माझं. नांदूरघाटला जाऊ नका. मालकाचं नाव हाय, ते तसंच राहू द्या."

सुकन्याला ती धमकीच वाटली. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. तात्याबांनी तिला लहानपणी खांद्यावर बसवून अख्खी बाग फिरवली होती, ते सारखं आठवत होतं. त्यामुळे राग आणखीच वाढत होता.

सकाळी मैत्रिणीचा अहवाल घेऊन ती निघाली.

नांदूरघाटच्या बाहेर दोन एकर द्राक्षं होती आणि एक पत्र्याची शेड. पदर कमरेला खोचलेली चाळिशीची बाई टाकीखाली भांडं धरून उभी होती. गाडी बघून ती हात पुशीत पुढे आली.

"मी मंगल. तुमी सुकन्याताई ना? तोंडावळा मालकाचाच हाय. मामा न्हाई आला?"

"त्यांना मी कालच काढून टाकलं," सुकन्या म्हणाली आणि कागद तिच्यापुढे धरला. "आमची वाइन तुमच्या बाटलीत कशी, ते मला सांगा. नाहीतर मी इथून थेट केजच्या पोलीस ठाण्यात जाणार आहे."

मंगलने कागद वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून परत दिला. खाट पुढे ओढली, पण सुकन्या बसली नाही.

"मामानं शपथ पाळली म्हणायची," मंगल हळू आवाजात म्हणाली. "ताई, दुष्काळात तुमची सगळी बाग जळाली. मालकानं नवी लावली, पण तिच्या रसाला ती चव आलीच न्हाई. जुन्या वेलाच्या काड्या तेवढ्या आमच्याकडं जगल्या हुत्या, मालकानंच दिलेल्या. तवापासून आठ वर्सं तुमच्या बाटलीत हितलीच वाइन जाती. मामा रिकामे ड्रम आणायचा नि हितनं भरून न्यायचा. पोरीला कळू द्यायचं न्हाई, असं मालकानं मामाकडून वदवून घेतलं हुतं. आता मामाला तर तुमी काढलं. मग पुढचा माल कुणाच्या हाती द्यायचा, तेवढं सांगा."