थोरलीचं गिऱ्हाईक

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. अंगणात एक जुना लष्करी ट्रक उभा आहे. रंग शेवाळी, नाक लांब, आणि एकेक चाक तुमच्या खांद्याएवढं. बॉनेट उघडं आहे आणि त्यात एक आजोबा कमरेपर्यंत बुडालेत. बाहेर दिसतात ते फक्त त्यांचे पाय आणि पॅंटचे धुळीने माखलेले गुडघे. शेजारी बंपरवर त्यांची नात उभी आहे. खाली पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ घड्याळ बघताहेत. त्यांना हा ट्रक विकत घ्यायचाय, पण तो चालू झाला तरच. पोचलात ना अंगणात? मग ऐका.

"काय झालं हो?" पांढऱ्या बुटांनी विचारलं.

"बघतोय," बॉनेटमधून आवाज आला.

आजोबा खरोखर चक्रावले होते. निदान दोन मिनिटं तरी गाडी चालेल, असा त्यांचा हिशेब होता. पण सेल्फ मारून मारून बॅटरी थकत आली, हँडल फिरवून फिरवून पांढऱ्या बुटांचा ड्रायव्हर थकला, तरी थोरलीने साधा खोकलासुद्धा काढला नाही.

थोरली हे ट्रकचं नाव. ते आजींनी ठेवलेलं. "मी धाकटी," त्या आल्यागेल्याला सांगत. "मी लग्न होऊन आले, तेव्हा ही आधीपासून इथे नांदत होती." दर रविवारी आजोबा थोरलीला ग्रीस भरत, तिच्या पोटाखालचा तेलाचा ट्रे उपसत आणि मग तिला तासभर धडधडत ठेवत. दोरीवरचे धुतलेले कपडे धुराने काळे होत आणि मग आजींचं तोंडही तासभर चाले. थोरलीच्या सीटची कापडं मात्र त्याच शिवत. शिव्या देत शिवत, पण टाका बारीक घालत.

गेल्या महिन्यात आजोबांचे गुडघे कुरकुरायला लागले. "झेपत नाही तर काढून टाका एकदाची," आजी म्हणाल्या. "काढतो," आजोबा म्हणाले. झालं, शब्द गेला. नात तेवढी त्या दिवशी न जेवता झोपली. चौदा नंबरचा पाना नेमका हुडकून आणायची म्हणून आजोबा तिला 'चौदा नंबर' म्हणत.

पांढऱ्या बुटांचं हॉटेल होतं. थोरलीला चालवत नेऊन ते दारात उभी करणार होते आणि मागच्या हौद्यात फुलझाडं लावणार होते.

"लाल लावू की पिवळी, तेवढं ठरत नाहीये," ते आजींना म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं, काकू?"

"तुमचं हॉटेल, तुमची फुलं," आजी म्हणाल्या आणि कपडे झटकायला लागल्या. ते कालच वाळले होते.

काहीतरी करतोय हे दिसावं, म्हणून आजोबांनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. वाटीएवढी ही डबी इंजिनाला ठिणग्या वाटते. आत अंगठ्याएवढा रोटर फिरतो. तो नसेल तर अख्खा ट्रक म्हणजे धोंडा. आजोबांनी आत पाहिलं. रोटर नव्हता.

त्यांनी सावकाश मान वळवली. नात आभाळाकडे बघत होती. त्यांनीच तिला शिकवलं होतं, की सैनिकाला गाडी सोडून जावं लागलं तर तो रोटर काढून खिशात घालतो. मग शत्रूच्या हाती नुसतं लोखंड लागतं.

आजोबांनी टोपण होतं तसं लावलं. "वय झालं हो तिचं," ते म्हणाले. "आज उठायचं तिच्या मनात नाही."

"मग क्रेन लावून नेऊ? क्रेनवाला माझं हॉटेलच मागेल," असं म्हणून पांढरे बूट निघून गेले.

फाटक लागल्यावर आजोबांनी तळहात पुढे केला. "चौदा नंबर, दे इकडे."

"रोटर मी नाही घेतला."

"मग काय उंदराने नेला?"

"तिला कशाला बोलताय?" मागून आजी आल्या. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. चष्मा तर त्यांच्या नाकावरच होता. घरातून निघाला रोटर.

"तू?" आजोबांनी विचारलं.

"इतकी वर्षं तुमची ती शत्रूची गोष्ट ऐकतेय, ती काय फुकट? फुलझाडं लावतोय मेला. सवत असली तरी घरातली आहे ती."

आजोबांनी नातीची रीतसर माफी मागितली. रोटर बसवला, सेल्फ मारला. थोरली गप्प. पुन्हा मारला. तरी गप्प.

नातीने मोजा खाली सरकवला आणि आतून कॉइलची काळी वायर ओढून काढली. "मी टोपण उघडलं तर आत आधीच काही नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, शत्रू घरात शिरलाय. निदान ही तरी वाचवू."

"पण मोज्यात?"

"खिशातलं सगळं आजीला सापडतं."

वायर जोडली. या वेळी थोरली अशी काही गरजली, की दोरीवरचे कपडे दिसेनासे झाले. आजींनी ते काढलेही नाहीत. आजोबा स्टिअरिंगवर थाप मारून हसले. आणि दोन मिनिटांत थोरली खोकली, थरथरली, बंद पडली.

"आता हिला काय झालं असेल बरं?" आजोबा खाली उतरले आणि पुढच्या टायरकडे फारच लक्ष देऊन बघायला लागले.

नातीने टायरकडे पाहिलं. मग आजोबांच्या गुडघ्यांवरच्या धुळीकडे पाहिलं. मग ती केबिनमध्ये चढली, ड्रायव्हरच्या सीटखाली पालथी झाली आणि सकाळीच कुणीतरी घट्ट बंद करून ठेवलेला पेट्रोलचा नळ तिने उघडला.