जवळ्याचे चार सेकंद

खाडीकाठच्या नव्या टॉवरची जाहिरात होती. बाल्कनीत कॉफी पिणारी मॉडेल जाहिरातवाल्यांकडे होती; मधेमधे पेरायला ‘लोकल फील’ हवा होता. म्हणून वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या ऑफिसातून अपूर्व नावाचा डिरेक्टर आमच्या कोळीवाड्यात आला. अशा शॉट्सना ते बी-रोल म्हणतात. म्हणजे, ज्यांना बोलू द्यायचं नसतं त्यांचं शूटिंग.

माझी आजी शेवंती अंगणात जवळा वाळत घालत होती. अपूर्वने तिला तीनदा तीच टोपली भरायला आणि ओतायला लावली. “आजी, हळू पसरा ना, स्लो मोशन करायचंय. काय ऑथेंटिक दिसतंय!”

आजीने विचारलं, “आन् वास रं? त्याचं काय करशील?”

“व्हिडिओत कुठे वास येतो, आजी!” तो हसला.

जाहिरात फोनाफोनांवर फिरली. आजीचे हात चार सेकंद दिसतात आणि त्यांच्यावर अक्षरं उमटतात : ‘परंपरेच्या कुशीत, तुमचं घर’. वर्षभरात टॉवर भरला.

गेल्या सोमवारी त्याच टॉवरचा सेक्रेटरी दोनशे सह्यांचा अर्ज घेऊन आमच्या दारात उभा राहिला. उघड्यावर मासळी वाळवल्याने रहिवाशांना दुर्गंधीचा त्रास होतो, हा प्रकार ताबडतोब बंद करावा.



सोबत पुरावा म्हणून आजीच्या हातांचा फोटो जोडला होता. त्यावरची ‘परंपरेच्या कुशीत, तुमचं घर’ ही ओळ पुसायचे कष्टही कुणी घेतले नव्हते.