तीन किलो चारशे

बेलापूरच्या परिषदेत सर पडद्यावर समीकरण समजावत होते. स्प्रिंगला टांगलेलं वजन कसं मंदावत जातं, ठरावीक वेळाने धक्का दिला की कसं हलत राहतं. "सगळी मापं मी स्वतः लॅबमध्ये घेतली," सर म्हणाले.

मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला, संघप्रियाला, एकेक आकडा ओळखीचा होता. बाळंतपणाच्या रजेत तिनेच घरी मापं घेऊन सरांना तपासायला पाठवली होती. "तू आता बाळाकडे बघ, टेन्शन घेऊ नको. पुढचं मी बघतो," सर म्हणाले होते.

कुणीतरी विचारलं, "वजन तीन किलो चारशे ग्रॅमच का घेतलं, सर?"

सर अडखळले. "लॅबमध्ये... तेवढंच होतं."

संघप्रिया लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"हे घ्या ते वजन, सर. स्प्रिंगच्या पाळण्यातून काढून आणलंय. आता सात किलोचं झालंय."