रोजचा वाढदिवस

दिवाकरदादा गेला आणि बार्शीटाकळीच्या क्लासमधला त्याचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. उरली एक फ्लॉपी. तिच्यात दादाने धाकट्या बहिणीसाठी, रागिणीसाठी केलेला खेळ होता. तो नव्या कॉम्प्युटरवर काही केल्या चालेना. म्हणून अकोल्याच्या घरी रागिणीने त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम स्वतःच लिहायला घेतला.

"कापसाले भाव नाही, घरात लाइन नाही, आन हे पोरगी मेलेलं यंत्र उठवून राहिली," आई तूर निवडता निवडता म्हणायची.

रागिणीही विटली होती. जरा काही जमलं की लोडशेडिंग. आज दुपारी ती जुनी सिस्टिम कशीबशी उठली, तर तारीख विचारून अडून बसली. दादाच्या यंत्राच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली होती, म्हणून ते रोज असंच विचारायचं. दादा दरवेळी दाणदाण बटनं आपटत रागिणीची जन्मतारीख टाकायचा. "त्याले काय समजते? तुहा रोज वाढदिवस!"

पण आता तारीख टाकायची कशी? नकलेतला कीबोर्डचा भाग तिने अजून लिहिलाच नव्हता. घर बांधलं आणि दार ठेवायचं विसरली! कपाळाला हात लावून ती मागे टेकली.

पडद्यावर एक आकडा उमटला. थांबून दुसरा. मग भराभर तिची जन्मतारीख पुरी झाली.

"रागिणे, हळू दाब न वं त्या बटना," आई आतून ओरडली. "दादावानी काहून आपटून राहिली?"

रागिणीचे दोन्ही हात मांडीवर होते.