मधला डबा

स्क्रीनवरचा बाण पुन्हा उडाला आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन चिकटला. प्राचीने माऊस डावीकडे ओढला, तर बाण उजवीकडे पळाला आणि जाता जाता कुणी न सांगता दोन फायली उघडून गेला.

"भूत लागला काय गो त्याला?" दारात सूप घेऊन सुकट निवडत बसलेल्या भामाबाईंनी सुनेला विचारलं.

"आई, अकरा वाजता साहेबांना दोन्ही कॉम्प्युटरवरचं काम दाखवायचंय!" प्राचीचा आवाज रडवेला झाला होता. दहा वीस झाले होते. आजचं नीट पार पडलं तर घरूनच काम. नाहीतर सोमवारपासून रोज सकाळी पनवेलहून ऐरोली, आणि घरी यायला दिवेलागण.

टेबलावर दोन कॉम्प्युटर होते, एक ऑफिसचा, एक घरचा. स्क्रीन एक, माऊस एक. मध्ये बटणाचा काळा डबा. बटण दाबलं की तोच माऊस ह्या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर. डबा तिच्या नवऱ्याने, प्रणितने आणला होता, कळंबोलीहून येताना. तेव्हापासून बाण नाचत होता, आणि परवापासून नवराबायकोचं बोलणं बंद. जे काय सांगायचं ते भामाबाईंमार्फत.

भामाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. पण एखादी गोष्ट आपल्याला कळणार नाही, असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

"नीट सांग. बिघडलाय काय?"

"दोन दिवस लिनक्सच्या सेटिंग बदलतेय. बोटं दुखेपर्यंत टाईप केलं. पण माऊस सरळ कॉम्प्युटरला लावला की शहाण्यासारखा चालतो. म्हणजे दोष ह्या डब्याचा. हा माऊसचं ऐकून घेतो आणि पुढे आपल्या पद्धतीने सांगतो. माऊस बोलतो एक, तिकडे पोचतं भलतंच."

"दलालच मेला!" भामाबाईंनी सूप आपटलं. "आमच्या जमिनीच्या टायमाला असाच एक मधी घुसला व्हता. तिकडं सांगं, बाई भांडखोर हाय. मना सांगं, घेणारा लबाड हाय. मी गेले चप्पल घालून सरळ त्याच्या दारात. माणूस निघाला सोन्यासारखा. असल्या मधल्यांचं तर थोबाडच..."

आणि त्या थांबल्या. चिमटीतली सुकट चिमटीतच राहिली.

परवा सकाळी प्रणित बाईकवर बसता बसता म्हणाला होता, "आई, तिला सांग, माऊस त्याचं चित्र असलेल्या पोर्टात नको, शेजारच्या साध्या पोर्टात लाव. तिथे डबा मध्ये बोलत नाही."

निरोप त्यांनी पोचवला होता. पण कोरडा निरोप पोचवणं हे काही भामाबाईंना जमण्यातलं नव्हतं. आत येऊन त्या म्हणाल्या होत्या, "तो सांगतो, साधी एक वायर लावाया येत नाय तुला." त्याच्या आदल्या रात्री प्राची त्यांच्याजवळ सहज बोललेलं 'डबा नीट चालत नाहीये' प्रणितपर्यंत पोचलं होतं ते असं: "ती म्हणते, माझ्या बापाने असलं भंगार दारात नसतं आणलं."

दहा पस्तीस. प्राचीने डोळे पुसले.

भामाबाई उठल्या. सुकटीच्या वासाच्या हातांनीच त्यांनी डबा फिरवून पाठ बघितली. "हे भोक कशाचं?"

"पेनड्राइव्हसाठी असतं ते."

"ह्यात घाल."

"अहो आई, माऊसला वेगळं..."

"घाल म्हणते ना!"

प्राचीने घातला. माऊस डावीकडे ओढला, बाण डावीकडे गेला. बटण दाबलं, दुसरा कॉम्प्युटर आला, तिथेही बाण सांगेल तसा चालला. तिने दहा वेळा बटण दाबून पाहिलं. दहाही वेळा बाण सुतासारखा सरळ.

"आई! तुम्हाला कसं कळलं?"

"मना काय कळत नाय ते सांग." पदर खोचून भामाबाई पुन्हा दारात जाऊन बसल्या. मान जरा ताठच होती.

प्राचीला आनंद कुठे ठेवू असं झालं होतं. तिने फोन उचलला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ नवऱ्यालाच लावला.

"अरे, चालला माऊस! कुणी म्हणजे? आईंनी! शेजारच्या पोर्टात घाल म्हणाल्या, आणि..." ती थांबली. "तू सांगितलेलंस? कधी? परवा? मला तर... नाही रे, बाबांचं नावसुद्धा मी काढलं नाही! असं कुणी सांगितलं तुला?"

तिची मान हळूहळू दाराकडे वळली. ओठ दाबूनही हसू फुटत होतं.

दारात नुसतं सूप होतं. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरायला लागला होता. भामाबाई झाकणावर दोन्ही हात दाबून, खिडकीबाहेर बघत, जोर लावून उभ्या होत्या. भांडं रिकामं होतं.